उखळीचा सांधा

आमच्या मुलुंडच्या शाळेत शास्त्र शिकवणारे एक सर होते आणि त्यांच्या पँटच्या खिशात कायम मोटारीचा एक झिजलेला सांधा असे. बाकीच्या मास्तरांच्या खिशात तपकिरीची डबी असे, सुपारी असे, एखाद्याच्या खिशात अंगाऱ्याची पुडी. सरांच्या खिशात हे लोखंड. वाटीत बसवलेला एक गोळा आणि त्यातून बाहेर आलेला बोटाएवढा दांडा. परीक्षेला वर्गात फेऱ्या मारताना ते तो खिशातल्या खिशात फिरवत. त्याची कुरकुर ऐकू आली की कॉपी करणारी पोरं सावध होत. सरांना एका कानाने अगदीच कमी ऐकू येई, त्यामुळे आपली चाहूल आपल्याआधी वर्गात पोचते हे त्यांना निवृत्त होईपर्यंत कळलं नाही, आणि आम्हीही कधी सांगितलं नाही.

मोटारवाले त्याला बॉल जॉइंट म्हणतात. पुढची चाकं वळतात आणि खड्ड्यात वरखाली होतात ती ह्याच्या जोरावर. पण सरांसमोर बॉल जॉइंट म्हणायची सोय नव्हती. शास्त्राच्या पुस्तकात माणसाच्या खुब्याला ‘उखळीचा सांधा’ म्हटलंय ना, मग मोटारीलाही तोच शब्द. गुडघा तो बिजागरीचा, खुबा तो उखळीचा, आणि चाकाची जागा म्हणजे मोटारीचा खुबा. धडा आला की सर खिशातलं लोखंड टेबलावर ठेवत आणि ते वर्गभर हातोहात फिरे. मुलांनी त्यांचं नाव ‘उखळीसर’ ठेवलं, ते त्यांना ठाऊक होतं आणि बहुधा आवडतही होतं.

स्टिअरिंगला ते सुकाणू म्हणत, हॉर्नला भोंगा. कुर्ल्याच्या जुन्या सामानाच्या बाजारात जाऊन त्यांनी पहिल्यांदा उखळीचा सांधा मागितला, तेव्हा तिथला दुकानदार म्हणाला होता, “मास्टर, हड्डी का डाक्टर आगे है.” सर रागावले नाहीत. त्यांनी त्या दुकानदाराला तिथेच उभ्या उभ्या उखळीचा धडा शिकवला. पुढे तोच माणूस ‘मास्टर, आपका उखली आया क्या देखता हूँ’ म्हणू लागला. ब्रेकला मात्र सर ब्रेकच म्हणत. मी मराठी शिकवणारी, मी एकदा खोचकपणे विचारलं की ह्याला कसं सोडलं. ते म्हणाले, “बाई, घाईच्या वेळी भाषांतर करत बसू नये.”

त्यांचा दुसरा हट्ट डाव्याउजव्याचा. प्रयोगशाळेत माणसाच्या शरीराचा एक मोठा तक्ता टांगलेला होता. तो माणूस आपल्याकडे तोंड करून उभा, त्यामुळे त्याचा डावा हात आपल्या उजवीकडे. मुलं हमखास चुकत, आणि हमखास एक गुण गमावत. “शरीराला विचारा, स्वतःला विचारू नका,” हे वाक्य त्या वर्गातून बाहेर पडलेला प्रत्येक जण आजही झोपेत म्हणून दाखवील. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनीच तक्त्यासमोर उभं राहून यकृत डाव्या बाजूला असतं असं मुलांना सांगितलं. मागच्या बाकाजवळून सरांचा आवाज आला, “आपल्या डाव्या, साहेब. त्याच्या उजव्या.” हेडमास्तरांना घाम फुटला. साहेबांनी तक्त्याकडे पाहिलं, स्वतःच्या पोटाकडे पाहिलं, आणि चहा कुठे ठेवलाय ते विचारलं.

सरांचं लग्न झालं नव्हतं. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण, आक्का. आम्ही त्यांच्या डोक्यावर राहायचो, पहिल्या मजल्यावर. माझं नुकतंच लग्न झालेलं, यजमानांना भांडुपच्या कारखान्यात रविवारीसुद्धा पाळी, त्यामुळे माझा रविवार खाली आक्काकडेच जाई. आक्का लहानपणीच विधवा होऊन मालवणहून मुंबईला आलेली. लालबागला तिने गिरणी कामगारांची खानावळ चालवली आणि त्या खानावळीवर भावाला बी.एस्सी. केलं. जन्मभर चुलीपुढे उभं राहून राहून तिचा एक खुबा कामातून गेला. मी तिला पाहिलं तेव्हा तो पाय वाकतच नव्हता. काठी टेकत ती न्हाणीपर्यंत जाई, त्यापलीकडे नाही. शाळेत सर अस्खलित पुस्तकी बोलत, पण उंबऱ्याच्या आत आले की बहिणीशी मालवणीतच. आक्काच्या खुब्यात नेमकं काय झालंय ते पाटीवर आकृती काढून ते कोणालाही समजावून देत. गोळा कसा खरबरीत होतो, वाटी कशी उथळ होते, सगळं. आक्का शेजारी बसून मासे साफ करत असे आणि तिकडे बघतही नसे.

गाडी आली ती आक्कासाठीच. आक्काला तपासायला येणारे घाटकोपरचे एक म्हातारे पारशी डॉक्टर परदेशी मुलाकडे कायमचे निघाले, त्यांनी आक्काची चाल पाहून आपली जुनी गाडी सरांच्या गळ्यात घातली. दोन दारांची, फिक्या निळ्या रंगाची. तिचं तोंड अख्खंच्या अख्खं पुढे उघडे, त्यामुळे चाकावर बसून आतलं काम करता येई. गाडी आली खरी, पण आक्काला तीत बसता येईना. पाय वाकत नाही तर पुढे जागा नाही. सरांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी डावीकडची सीट खोलून उलटी बसवली. आता आक्का मागे तोंड करून बसायची आणि ताठ पाय मागच्या सीटवर सोडायची. मागच्या सीटवर उरलेल्या जागेत मी, मांडीवर आक्काचे पाय आणि त्यावर डबा. अशी आमची वरात रस्त्याने निघाली की मागच्या ट्रकचे ड्रायव्हर आक्काशी नजरानजर होऊन दचकत. आक्का मात्र खुशीत. गाडीत बसून आपण कुठून आलो ते दिसतं, असं ती म्हणायची, बाकीच्यांना कुठे दिसतं.

दर रविवारी आम्ही दहिसरला जायचो, पवईच्या तलावावरून आरे कॉलनीतून. दहिसरला नदीकाठी आक्काची मैत्रीण होती, खानावळीत भाकऱ्या थापणारी तिची जोडीदारीण. दोघी म्हाताऱ्या समोरासमोर बसून गिऱ्हाईकं कोणाच्या हातच्या चवीला यायची ह्यावर भांडत. आक्का म्हणे माझ्या कालवणाला, ती म्हणे नुसतं कालवण कोण पितं, माझ्या भाकरीला. संध्याकाळपर्यंत भांडून दोघी डोळे पुसत निरोप घेत. आठवड्यातले बाकीचे सगळे दिवस आक्कासमोर समोरच्या बिल्डिंगची मोरी होती. रविवार हा तिचा एकच दिवस होता, आणि त्या दिवसाला ती गाडी हवी होती.

एका रविवारी परतल्यावर आक्काने सांगितलं, “डाव्या बाजूक टक टक वाजता, बघ.” सरांना स्वतःला ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. गाडीच्या आवाजाच्या बाबतीत आक्काचे कान हेच त्यांचे कान. त्यांनी पुढची बाजू उचलली, एकेक चाक वरून-खालून धरून हलवून पाहिलं, आणि दोन्ही बाजूंचे वरचे सांधे थोडेथोडे खेळताहेत असं निघालं. बदलायला हवे होते दोन्ही. पण त्या काळी गाडीचं सामान मिळणं म्हणजे नशीब. कुर्ल्याच्या त्या दुकानदाराने महिनाभर शोधून एकच सांधा आणून दिला, दुसरा आला की कळवतो म्हणाला. मग कुठला बदलायचा? जो वाजतो तो. आक्का म्हणते डावा. ठरलं.

त्या रविवारी अंगणात मीही हाताखाली होते. सरांनी खालच्या हाताखाली जॅक लावला (गाडीला वरचा हात आणि खालचा हात असतात, हे मला त्या दिवशी कळलं), चाक काढलं, नटातली खिळी सरळ करून ओढली आणि नट सैल केला. पण पुरता काढला नाही, दोन आट्यांवर ठेवला. स्प्रिंगचा जोर आहे, सुटलं तर तोंडावर येईल, म्हणाले. सांध्याचा दांडा त्याच्या भोकात वर्षानुवर्षं रुतून बसलेला असतो, नुसता ओढून निघत नाही. त्याला दोन हातोड्या लागतात. एक मी भोकाच्या एका बाजूला नुसती दाबून धरायची आणि दुसऱ्या बाजूने सर ठोका देणार. मी डोळे मिटून धरली. तीनचार ठोके नुसते मनगटातून डोक्यात गेले, आणि मग एकदम पटकन आवाज करून दांडा सुटला. डोळे उघडले तर सरांचा चेहरा पाहण्यासारखा होता. नवीन सांधा त्यांनी ग्रीस भरून बसवला, नट आवळला, नवी खिळी घालून तिची टोकं वळवली. जुना सांधा पुसून खिशात टाकला. खिशातला सांधा तो हाच.

पण पुढच्या रविवारीही टक टक वाजलं. आक्काने सांगितलं, डावीकडेच. सरांनी सांधा पुन्हा तपासला, बोट घालून, हलवून, दिवा धरून. घट्ट होता. त्याच्या पुढच्या रविवारी आक्काने पुन्हा सांगितलं. मग सर म्हणाले, वय झालं की माणसाचे कान वाजतात, त्याला शास्त्रात कारण आहे. अर्ध्या कानाचा माणूस हे सांगत होता. आक्का त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाही, आणि नंतर बोलली ती आमटीत मीठ हवं का एवढंच. गाडीबद्दल अवाक्षर नाही.

आरे कॉलनीत गोठ्यांच्या अलीकडे एक चढ आहे. त्या चढावर, वळताना, गाडी पुढच्या एका कोपऱ्यावर खाली बसली. मोठा आवाज झाला नाही. खडखड झाली, सरांच्या हातातलं सुकाणू भलतीकडे फिरलं, माझ्या मांडीवरचा तिसऱ्यांचा, म्हणजे शिंपल्यांच्या कालवणाचा, डबा उलटला, आणि आम्ही रस्त्याच्या मधोमध तिरके उभे. सर हळूच चालवत म्हणून निभावलं. गोठ्यातले चारपाच भय्ये धावत आले. सर उतरले. पुढचं चाक वरच्या बाजूने बाहेर कलंडलेलं होतं, सांधा वाटीतून निसटला होता. मी साडीवरचा मसाला झटकत खाली उतरले. आक्का जागची हलली नव्हती.

सर त्या चाकाकडे बघत राहिले. मग आक्काच्या खिडकीशी येऊन म्हणाले, “पण डावो सांधो तर मी बदललेलो.”

आक्काने डावा हात वर केला आणि मागे न बघता, खांद्यावरून त्या मोडक्या चाकाकडे दाखवला. ड्रायव्हरच्या बाजूच्या. “मगे हो माझो खयचो हात?”

सरांनी तिच्या हाताकडे पाहिलं. मग त्या उलट्या सीटकडे, जी त्यांनी स्वतःच फिरवली होती. मग चाकाकडे. मला वाटलं ते काही बोलतील, निदान हसतील तरी, कारण मला इतक्या भीतीतही हसू येऊ लागलं होतं. ते रस्त्याकडेच्या दगडावर जाऊन बसले. तिथून मला म्हणाले, “बाई, जन्मभर मी मुलांचे गुण कापले.”

गाडी पुढून उचलून टेम्पोला टांगून घरी आली. आक्काने घरी आल्यावर तिसऱ्या पुन्हा केल्या, भावाला पोटभर वाढल्या, आणि झालेल्या गोष्टीवरून एका शब्दानेही टोचलं नाही. टोचलं असतं तर बरं झालं असतं. सरांनी दुसऱ्या दिवशी ती सीट खोलून सरळ करून टाकली. कुर्ल्याला खेपा घालून दोन नवे सांधे मिळवले आणि दोन्ही बाजूंचे बदलले, अगदी घट्ट असलेलासुद्धा. पण आक्काला गाडीत घ्यायचं नाव नाही. तिच्या जागी त्यांनी तिच्या वजनाचं वाळूचं पोतं ठेवलं आणि रविवारी पोतं घेऊन एकटेच जाऊन येऊ लागले. पवईपर्यंत जायचं, यायचं, चाकं उचलून तपासायची. पुढच्या रविवारी पुन्हा. मी विचारलं की आता तर सगळं नवं आहे, आणखी किती तपासणार. खात्री होईपर्यंत, म्हणाले. खात्री कशाने होणार ते त्यांना सांगता येईना. मला त्यांचा रागही येई आणि कीवही येई. ज्या बाईने चुलीपुढे उभं राहून आपल्याला शिकवलं, तिला आपण आपल्या हाताने खड्ड्यात घालत होतो, तेही ती ओरडून सांगत असताना, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं. पण त्यापायी शिक्षा भोगत होती ती आक्काच. ती खिडकीशी बसून आपल्या जागी पोतं फिरायला जाताना बघायची.

पावसाळा संपता संपता दहिसरहून मैत्रिणीचा मुलगा येऊन गेला. आई अंथरुणाला खिळलीय, म्हणाला, रोज विचारते आक्का का येत नाही, रागावली का. सरांनी त्याला चहा दिला, बघू म्हणाले, आणि अंगणात जाऊन चाकाचे नट आवळत बसले.

रविवारी सकाळी आक्काने मला हाक मारून वरून बोलावलं. इरकली साडी नेसली होती, डबा भरलेला होता. माझ्या खांद्यावर हात टाकून, एकेक पाऊल टेकत ती अंगणात आली. सर पोतं उचलून सीटवर ठेवत होते. ती काठीवर भार देऊन उभी राहिली, दम खाल्ला, आणि विचारलं, “त्या पोत्याक दहिसरात कोण वळखता रे?”

सर तसेच पोतं धरून उभे राहिले. नको म्हणाले, अजून खात्री नाही म्हणाले, आणि सीट आता सरळ आहे, तुला बसता येणार नाही म्हणाले. आक्का नुसती उभी राहिली. तिला फार वेळ उभं राहता येत नाही हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. सरांनी थोडा वेळ इकडेतिकडे पाहिलं. मग पोतं खाली टाकलं आणि पाना आणायला आत गेले.

सीट फिरवून आम्ही निघालो तेव्हा ऊन वर आलं होतं. सर गाडी इतकी हळू चालवत होते की पवईच्या चढावर सायकलवरचा पाववाला आमच्या पुढे गेला. थोडं अंतर गेलं की विचारत, वाजतंय का? आक्का म्हणे, नाही. पुन्हा थोड्या वेळाने, वाजतंय? नाही. तलाव गेला, आरे सुरू झालं, तो चढ आला. सरांच्या मानेवर घाम दिसत होता. गाडी वळली आणि आक्का सीटवर जराशी सरकली, आणि टक असा आवाज आला. मला स्वच्छ ऐकू आला. आणि कसं कोण जाणे, सरांनाही ऐकू आला.

त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि उतरून पुढच्या चाकाशी गुडघ्यांवर बसले. चाक धरून हलवलं. धावत दुसऱ्या बाजूला आले, तेही हलवलं.

“ऊठ,” आक्का खिडकीतून म्हणाली. “ता गाडयेचा न्हय. माझ्या खुब्यातला ता.”

सर तसेच रस्त्यावर बसून वर बघत राहिले. कधीपासून, असं त्यांनी विचारलं. उन्हाळ्यापासून, ती म्हणाली. पाय हलवला की वाजतं.

“आणि माका सांगूक नाय तू?”

“सांगून? गाडी खोलतंस, तसो उद्या माका खोलूक बसतलंस.”

सर उठले, पँटचे गुडघे झटकले आणि तिच्या खिडकीशी आले. मला वाटलं आता वाटी आणि गोळा सुरू होणार. इतकी वर्षं त्या खुब्याच्या आकृत्या मी पाहिल्या होत्या, त्याची शास्त्रातली कारणं मला पाठ झाली होती. सरांनी खिडकीच्या काचेवर हात ठेवला आणि खाली वाकून, लहान मुलाने विचारावं तसं विचारलं, “दुखता गो?”

हा प्रश्न त्या घरात मी तोवर एकदाही ऐकला नव्हता. बहुधा आक्कानेही नसावा, कारण उत्तर द्यायला तिला वेळ लागला. माझ्या मांडीवरचे तिचे पाय तेवढा वेळ अगदी गप्प होते.

“दुखता,” ती म्हणाली. “चालव.”